टीव्हीवरची एक रेघ आणि ७५ दिवस: जेलरोडच्या एका घरातलं वॉरंटी प्रकरण

नावं कुणाचीच देत नाहीये, कंपनीचं नाही, दुकानाचं नाही आणि घरच्यांचं तर नाहीच. काका-काकू म्हणतो. आमच्याच गल्लीतले, नात्यातले नाहीत पण लहानपणापासून त्यांच्या घरात जेवलोय. यात माझाही हात आहे, आणि पहिली चूक तर माझीच आहे, ते पुढे येईलच.

पार्श्वभूमी

काका नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेत. नोटांचे कागद तपासायचं काम. छपाईत कुठे ठिपका जास्त पडलाय, कुठे शाई फिकी गेलीय हे नजरेनं पकडण्यात सगळी नोकरी गेली. हे मुद्दाम सांगतोय, कारण या प्रकरणात ज्या कागदाने सगळा घोळ केला तो कागद याच माणसाने न वाचता सही करून दिला.

२०२३ च्या दसऱ्याला, म्हणजे २४ ऑक्टोबरला, कॉलेजरोडच्या एका शोरूममधून ५५ इंची फोर-के टीव्ही घेतला. ४६,९९० रुपये, डेबिट कार्डावर. एक वर्षाची वॉरंटी, बिलाच्या तारखेपासून. काउंटरवरच्या पोराने ३,४९९ ची एक्स्टेंडेड वॉरंटी गळ्यात मारायचा प्रयत्न केला, काकांनी नाही म्हटलं. यावरून नंतर काकूंनी त्यांना बरंच ऐकवलं, पण खरं सांगायचं तर मी त्या एक्स्टेंडेडचं पत्रक नंतर मागवून वाचलं, त्यात पण 'बाहेरून झालेलं नुकसान' वगळलेलंच होतं. म्हणजे भांडण तेच झालं असतं, फक्त दुसऱ्या कंपनीशी.

टीव्ही कंपनीच्याच माणसाने भिंतीवर लावून दिला, वॉल माउंटचे वेगळे पैसे घेऊन. त्या पैशाची पावती काकांनी ठेवली होती. पुढे ती फार कामाला आली.

अडचण कुठे सुरू झाली

३१ ऑगस्ट २०२४, शनिवार, संध्याकाळच्या बातम्या चालू होत्या. उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ. केसाएवढी. काकूंना वाटलं केबलचा प्रॉब्लेम, सेटटॉप बॉक्स बंद-चालू केला, रेघ तशीच. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी गुलाबी रेघ आली. मी जाऊन रिमोटवरून टीव्हीचाच मेनू उघडला तर मेनूवरही रेघ दिसत होती, म्हणजे केबल, बॉक्स, पेन ड्राइव्ह यातलं काहीच नाही, पॅनलच्याच, म्हणजे चित्र दिसतं त्या काचेच्याच, बाजूला काहीतरी.

इथे थोडं तांत्रिक सांगायलाच लागेल, कारण पुढचं सगळं त्यावरच फिरतं. एलईडी टीव्हीची काच नुसती काच नसते, तिच्या कडेला पातळ फिल्मच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, आणि त्यांच्यातून प्रत्येक उभ्या ओळीला सिग्नल जातो. ते चिकटवणं म्हणजे बॉन्डिंग. उष्णतेने, दमटपणाने किंवा मुळातच नीट न चिकटल्यामुळे ते सैल पडलं की सरळ उभी रेघ येते. बाहेरून मार बसला तर बहुतेक वेळा वेगळं दिसतं: एका ठिकाणाहून कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात किंवा शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरतो. टीव्ही बंद करून मोबाइलचा टॉर्च तिरका मारला तर काचेच्या आतला तडा चमकतो. आम्ही मारून बघितला. काही नव्हतं.

१ सप्टेंबरला टोल फ्रीवर तक्रार नोंदवली. ४ तारखेला एक पोरगा आला, पाठीला सॅक, हातात फोन, सतत वाजणारा. टीव्ही चालू केला, फोटो काढला, म्हणाला पॅनल आहे, वरिष्ठांना पाठवतो, दोन दिवसांत फोन येईल. आणि म्हणाला, काका तुमच्या मोबाइलवर एक ओटीपी आलाय तेवढा सांगा, माझी व्हिजिट लागत नाही त्याशिवाय.

काकांनी मला फोन केला, ओटीपी देऊ का? मी ऑफिसात, अंबडला, एका हाताने चहा घेत होतो. म्हटलं द्या की, सगळेच देतात.

संध्याकाळी काकांना मेसेज: आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे, कृपया आम्हाला रेटिंग द्या. ओटीपीच्या मेसेजमध्ये खाली स्वच्छ लिहिलेलं होतं, काम समाधानकारक झाल्यावरच हा क्रमांक द्या. इंग्रजीत होतं, बारीक होतं, काकांनी वाचलं नाही आणि मी तर विचारलंसुद्धा नाही.

दुसरी भेट, म्हणजे खरा घोळ

६ सप्टेंबरला पुन्हा तक्रार, नवा नंबर. मग गणपती, मग विसर्जन, मग पितृपक्ष. फोन केला की उत्तर एकच, पंचवटीकडे गर्दी आहे, टेक्निशियन अडकलाय. जेलरोडला यायला पंचवटीतून कशाला जावं लागतं हा प्रश्न काकांनी विचारला, त्याचं उत्तर आलं नाही.

१९ तारखेला तोच पोरगा आला. या वेळीही मी नव्हतो, काकू होत्या. त्याने सहज विचारावं तसं विचारलं, काकू टीव्ही पुसता का? काकू म्हणाल्या, हो तर, रोज पुसते, धूळ खात ठेवायचा की काय? झालं. त्याने जॉबशीटवर, म्हणजे भेटीच्या नोंदीच्या फॉर्मवर, काय लिहिलं ते फोनच्या स्क्रीनवर होतं, काकांनी बोटाने सही केली, चष्मा आतल्या खोलीत. पीडीएफ मेलवर आली ती मी तीन दिवसांनी उघडली: 'फिजिकल डॅमेज, पॅनलवर बाह्य दाब, वॉरंटीबाहेर. ग्राहकाला कळवले, ग्राहक सहमत.'

ग्राहक सहमत! खाली काकांची वाकडीतिकडी सही.

सोबत अंदाजपत्रक. पॅनल ३१,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३७,१७०, लेबर वेगळं. त्याच आठवड्यात तोच टीव्ही ऑनलाइन सेलमध्ये अडतीस हजारांच्या आसपास दिसत होता, म्हणजे जुना दुरुस्त करायच्या पैशात जवळजवळ नवा.

कोणते पर्याय होते

२२ सप्टेंबरच्या रविवारी त्यांच्या ओट्यावर बसून आम्ही यावर बोललो. काकूंचं म्हणणं होतं की टीव्ही विकून टाका भंगारात आणि छोटा घ्या, कटकट नको. काकांचा मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला मी नवा पाठवतो. काका गप्प होते, मग म्हणाले, नवा पाठव नाहीतर पाठवू नको, पण मी टीव्हीला दाबलंय असं लिहिलंय ते मला मान्य नाही. त्यामुळे पैसे भरून मोकळं व्हायचा पर्याय तिथेच संपला.

एक बाहेरचा रिपेअरवाला आम्ही शालिमारच्या बाजूला विचारून आलो. त्याने फोटो बघूनच सांगितलं, बॉन्डिंगचा जॉब आहे, मशीनवर करून देतो, सात हजार, गॅरंटी नाही. माणूस प्रामाणिक होता, स्वतःच म्हणाला की वॉरंटीत असेल तर मी उघडणार नाही, सील तुटलं की कंपनी हात वर करेल. हा पर्याय आम्ही शेवटचा म्हणून बाजूला ठेवला. महिनाभर वॉरंटी शिल्लक असताना सील तोडणं म्हणजे आपल्याच हाताने त्यांना कारण देणं.

तिसरा पर्याय ग्राहक आयोग. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे कंपनीचं ऑफिस कुठेही असो, आपण नाशिकच्या जिल्हा आयोगात जायचं. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लागतोच असं नाही. तक्रार करायची मुदत २ वर्षं. कायद्यात लिहिलंय की ३ महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करावा, आणि वस्तू लॅबमध्ये तपासायची असेल तर ५ महिने. पण तारखा पडत जातात हे सगळ्यांना माहितीये आणि काकांचं वय ६७. त्यामुळे ठरवलं की आयोगात जायची सगळी तयारी करायची, पण आधी बाकीचे दरवाजे वाजवायचे. २०२४ मध्ये ऑनलाइन दाखल करायचं पोर्टल ई-दाखिल होतं, १ जानेवारी २०२५ पासून त्याच्या जागी ई-जागृती आलंय.

सोशल मीडियावर कंपनीला टॅग करून शिव्या घालायचा पर्यायही होता, तो मी न विचारताच केला. दहा मिनिटांत उत्तर आलं, तुमच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, नंबर मेसेज करा. नंबर दिला. मग काही नाही. दिलगिरी मात्र तत्काळ मिळते हे कबूल करायला हवं.

काय केलं

आधी कागद गोळा केले. बिल, माउंट लावल्याची पावती, दोन्ही तक्रारींचे नंबर आणि मेसेज, जॉबशीट. मग टीव्हीचा व्हिडिओ काढला, एकाच शॉटमध्ये: आजचा पेपर तारखेसकट, टीव्हीच्या मागचा सिरियल नंबर, रेघा, मेनूवरच्या रेघा, मग टीव्ही बंद करून टॉर्चने कोपरा न कोपरा. हा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरवला नाही, मूळ फाइल फोनमध्ये आणि एक कॉपी ड्राइव्हवर. पहिल्या भेटीत त्या पोराने स्टॅबिलायझर आहे का असंही विचारलं होतं, म्हणून मागच्या स्टिकरचा फोटोही घेतला, त्यावर १०० ते २४० व्होल्ट छापलेलं होतं. काकांनी ते भिंगाने वाचून दाखवलं. भिंग हातात आल्यावर माणूस जरा खुलला.

२३ तारखेला कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल. इथे एक निर्णय जाणूनबुजून घेतला: भरपाई, मनस्ताप, तुमची सेवा भिकार वगैरे एक शब्द नाही. फक्त तीन गोष्टी मागितल्या. बाह्य दाब पडलाय म्हणता तर तो काचेवर नेमका कुठे पडलाय त्याचा फोटो द्या. 'ग्राहक सहमत' हे आम्हाला मान्य नाही हे नोंदवा. आणि दुसऱ्या, वरिष्ठ टेक्निशियनकडून आमच्यासमोर तपासणी करा. सगळ्यात शेवटी एक वाक्य, पहिली तक्रार १ सप्टेंबरला वॉरंटीत नोंदवलेली आहे, तिचा नंबर अमुक.

चार दिवस उत्तर नाही, म्हणून २७ ला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला फोन. मराठीत बोलता आलं. तिथून तक्रार कंपनीकडे पाठवली जाते, त्यांना आदेश द्यायचा अधिकार नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर लोक तिथेच निराश होतात. पण त्याचा परिणाम झाला, कारण ३ ऑक्टोबरला कंपनीचं उत्तर आलं. फोटो जोडलेला होता, रेघांचा. दाबाचा नाही.

९ तारखेला फोन. बाई गोड आवाजात म्हणाल्या, सर, स्पेशल केस म्हणून आम्ही पॅनलवर ५० टक्के सूट देतोय, आजच कन्फर्म करा.

हा सगळ्यात अवघड टप्पा होता. मला वाटलं घ्यावं, अठरा-एकोणीस हजारात विषय संपतो आणि दसऱ्याला घरात टीव्ही चालू असतो. काकूंनाही वाटलं. काका म्हणाले, माझी चूक असेल तर पूर्ण पैसे घे म्हणावं, नसेल तर एक रुपयाही कशाला? आणि अर्धे भरले म्हणजे मी अर्धा दाबला का? हे ऐकून मी हसलो, पण मुद्दा बिनतोड होता. सूट घेतली असती तर पैसे भरल्याच्या पावतीवर पुन्हा तेच 'वॉरंटीबाहेर' आलं असतं आणि नंतर कुठेही बोलायची सोय राहिली नसती. मेलने नकार कळवला, आणि तपासणीची मागणी परत लिहिली.

१६ ऑक्टोबरला, कोजागिरीच्या दिवशी, दुसरा टेक्निशियन आला. पन्नाशीचा गृहस्थ, शांत. त्याने टॉर्च स्वतःच काढला. कडेने पाहिलं, मग टीव्ही चालू केला आणि रेघ जिथे होती तिथे फ्रेमच्या वरच्या कडेला अंगठ्याने हलकं दाबलं. गुलाबी रेघ गेली. अंगठा उचलला, परत आली. पुन्हा दाबला, गेली. मी व्हिडिओ काढत होतो, त्याने माझ्याकडे पाहिलं, नको म्हणाला नाही. काका खुर्चीतून उठून जवळ गेले आणि नोट तपासावी तसं बघत राहिले.

"बॉन्डिंग आहे," तो म्हणाला. "दाब-बिब काही नाही."

"लिहा की मग तसं," काका म्हणाले.

थोडा वेळ गेला. मग त्याने लिहिलं, 'पॅनल डिफेक्ट, बाह्य नुकसान आढळले नाही.' या वेळी काकांनी चष्मा लावून, फोन त्याच्या हातातून घेऊन, दोनदा वाचून सही केली. ओटीपी मागितला तेव्हा म्हणाले, बाळा, टीव्ही चालू झाला की देतो. पन्नाशीच्या माणसाला बाळा म्हणाले, पण तो हसला आणि 'पार्ट पेंडिंग' टाकून निघून गेला. मग काकूंनी त्याला हाक मारून परत बोलावलं आणि मसाला दूध दिलं.

इथे संपायला हवं होतं. २३ ऑक्टोबरला वॉरंटी संपली आणि २५ ला 'पार्ट पेंडिंग' असलेली तक्रार आपोआप बंद झाली, ओटीपी न देता. टोल फ्रीवर फोन केला तर मुलगी म्हणते, सर तुमचं प्रॉडक्ट आउट ऑफ वॉरंटी आहे, व्हिजिट चार्ज लागेल. तिच्या स्क्रीनवर फक्त आजची तारीख दिसते, आधीच्या तीन भेटी दिसत नाहीत. तिची काही चूक नाही, पण मला त्या दिवशी पहिल्यांदा खरंच रडकुंडीला आल्यासारखं झालं.

२८ ऑक्टोबरला रजिस्टर्ड पोस्टाने पोचपावतीसह नोटीस पाठवली, एक कंपनीला, एक शोरूमला. वकिलाकडून नाही, साध्या कागदावर, दीड पान. तारखा एकाखाली एक, १६ तारखेची जॉबशीट जोडलेली, मागणी एकच: १५ दिवसांत पॅनल मोफत बदला, नाहीतर जिल्हा आयोगात सेवेतील त्रुटीबद्दल तक्रार, टीव्हीची रक्कम आणि खर्चासह. शोरूमला प्रत द्यायची की नाही यावर आमचा वाद झाला, काका म्हणत होते त्या बिचाऱ्याचा काय दोष. पण विकणाऱ्यालाही तक्रारीत प्रतिवादी करता येतं, म्हणून पाठवली. मला वाटतं चक्र तिथूनच फिरलं, कारण दिवाळी झाल्या झाल्या शोरूमच्या मॅनेजरचा स्वतःहून फोन आला, आम्ही डिस्ट्रिब्युटरशी बोलतोय म्हणून. आधीचे दोन महिने तो 'सर्व्हिस आमच्याकडे नसते' म्हणत होता.

निकाल

१४ नोव्हेंबरला दोघं जण नवीन पॅनल घेऊन आले. दिवाणावर गादी, गादीवर चादर, त्यावर टीव्ही पालथा, आणि जुनी काच सक्शन कपने उचलून बाजूला. दीड तास लागला. पैसे शून्य. काकांनी आधी अर्धा तास टीव्ही पाहिला, मेनू उघडला, पांढरी स्क्रीन लावून कोपरे तपासले, मग ओटीपी दिला. २३ तारखेचे विधानसभेचे निकाल काकूंनी सकाळपासून मोठ्या पडद्यावर पाहिले.

पूर्ण जिंकलो असं नाही म्हणणार. बदललेल्या पॅनलवर फक्त ९० दिवसांची वॉरंटी. पॅनल कोरं आहे की दुरुस्त केलेलं, हे लेखी मागितलं ते मिळालं नाही. काकांच्या मते पांढरा रंग पहिल्यापेक्षा किंचित पिवळट आहे, मला दिसत नाही पण त्यांच्या नजरेपुढे माझी काय किंमत. आणि 'ग्राहक सहमत' वाली जॉबशीट कंपनीच्या रेकॉर्डला अजून तशीच आहे, ती काढलेली नाही.

काय वेगळं करता आलं असतं

ओटीपी. त्या एका आकड्याने आमचे पंधरा दिवस गेले, आणि तो मी द्यायला लावला. काम झालं नसेल तर टेक्निशियनला 'पेंडिंग' टाकता येतं, तिसऱ्या भेटीत त्यांनी टाकलंच. त्या पोरावर राग नाही माझा, त्याने जाताना जिन्यात सांगितलं होतं की बंद झालेल्या कॉलचेच पैसे मिळतात. पण त्याची अडचण आपण आपल्या सहीने सोडवायची नसते.

दुसरं, १९ तारखेला घरात काकू एकट्या बोलत होत्या. 'रोज पुसते' हे खरंच होतं आणि त्यात काही चुकीचं नव्हतं, पण ते जॉबशीटवर दाब म्हणून उतरलं. आम्ही त्या दिवशी फक्त एवढं केलं असतं की लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखव म्हटलं असतं, तरी पुढचा महिना वाचला असता. आणि मान्य नसेल तर सहीशेजारी 'मान्य नाही' लिहायचं. फोनच्या स्क्रीनवर जागा नसते हे खरं, मग सहीच करायची नाही.

नोटीस उशिरा गेली. १६ तारखेची जॉबशीट हातात आल्यावर आम्ही निवांत झालो, आता काय, लिहून दिलंय. वॉरंटी संपायला सात दिवस होते. तेव्हाच मेल करून 'दोष वॉरंटीत मान्य झालाय' हे त्यांच्याकडून लेखी घ्यायला हवं होतं, मग २५ तारखेचा तो फोन झाला नसता.

आयोगात गेलो असतो तर काय झालं असतं यावर काका आणि मी अजून वाद घालतो. त्यांचं म्हणणं, तिथे गेलो असतो तर नवा टीव्ही मिळाला असता. मिळालाही असता, कायद्यात वस्तू बदलून द्यायचा किंवा पैसे परत करायचा आदेश आयोग देऊ शकतो. पण तोपर्यंत काकूंनी भंगारवाल्याला बोलावलं असतं हे मला नक्की माहितीये.

९० दिवस १२ फेब्रुवारीला संपत होते. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर काकांनी त्या तारखेला लाल गोल केला होता आणि आदल्या रात्री दिवे घालवून, टॉर्च घेऊन, अख्खी स्क्रीन कडेकडेने तपासली. मग मला फोन केला, साडेदहा वाजता. म्हणाले, काही नाही, पण डाव्या कोपऱ्यात एक ठिपका आहे, तू येऊन बघ. गेलो. काकूंनी ओल्या फडक्याने पुसला, गेला.